टाकलंय, बघा

नगरपरिषदेचा जिना चढून उजवीकडे वळलं की आधी लेखा विभाग लागतो, मग आस्थापना, मग बंद पडलेला वॉटर कूलर आणि त्याच्या आडोशाला नाना. नानांचं खरं पद वरिष्ठ लिपिक. पण माणसं निवृत्त होत गेली, जागा भरल्या गेल्या नाहीत आणि प्रत्येकाच्या टेबलावरचं काम सरकत सरकत नानांकडे आलं. त्यामुळे त्यांच्या नावाच्या पाटीवर आता अभिलेखपाल, आवक-जावक, सहायक जन माहिती अधिकारी आणि सगळ्यात खाली, जागा संपल्यामुळे बॉलपेनने लिहिलेलं, ‘संकेतस्थळ (अतिरिक्त कार्यभार)’ असं सगळं आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात एक नाना असतातच. कुठे त्यांना भाऊ म्हणतात, कुठे अण्णा. नगरपंचायत नवी असेल तर ते वयाने जरा तरुण असतात आणि त्यांना ‘सर’ म्हणतात. कूलर मात्र सगळीकडे बंदच असतो.

नानांची घडण कागदी आहे. ते नोकरीला लागले तेव्हा अभिलेख कक्षात लाल कापडाचे रुमाल होते, रुमालांत उंदीर होते आणि दोन्हींची खबर असलेला एक हेडक्लार्क होता. त्याने नानांना शिकवलं की कागद जन्माला येतो तेव्हाच त्याचं आयुष्य ठरलेलं असतं. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षांचा आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभरात रद्दीत. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की नाना मजकूर नंतर वाचतात, आधी त्याचं वय काढतात. समोरचा माणूस घाईत असेल तर त्याचंही काढतात.

लग्नघरात कोठीची किल्ली कमरेला खोचून फिरणारी आत्या असते. साखर तिची नसते, लाडूही ती खात नाही, पण कुणी वाटीभर साखर मागितली की आधी ‘कशाला हवी?’ विचारते. नानांचं अभिलेख कक्षाशी अगदी तसं नातं आहे. ठरावाची प्रत मागायला गेलं की पहिला प्रश्न, “कशाला हवी?” वास्तविक माहिती अधिकार कायद्याचं सहावं कलम म्हणतं की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. हे नानांना ठाऊक आहे. “मी अधिकारी म्हणून विचारत नाही,” ते सांगतात, “गावचा माणूस म्हणून विचारतोय.”

यामागे लाचलुचपत आहे असं कुणाला वाटेल, तर नाही. नाना चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितात आणि कुणाला पाजत नाहीत. कारण वेगळं आहे. ‘बाहेर गेलेला कागद परत येतो तो कोर्टातून’ हे त्यांनी उभ्या नोकरीत घोटून घेतलेलं तत्त्व आहे. कागद सापडला नाही म्हणून कुणी निलंबित झालेलं त्यांनी पाहिलं नाही. कागद सापडला म्हणून बदली झालेले मात्र त्यांना बरेच माहीत आहेत, आणि त्यातले दोघे गडचिरोलीहून त्यांना अजून दिवाळीचा शुभेच्छा-संदेश पाठवतात.

अशा माणसाच्या आयुष्यात २००५ साल आलं. त्याआधी २००२ मध्ये राज्याने स्वतःचा माहितीचा कायदा केला होता. पण तो आमच्याकडे पोचून, त्याचं परिपत्रक निघून, परिपत्रकाची झेरॉक्स होऊन नाना चष्मा पुसेपर्यंत केंद्राचा आला. केंद्राच्या कायद्यात अर्ज, अपील, दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजारांचा दंड हे सगळं होतं. पण नानांना खरा घोर लावला तो चौथ्या कलमाने. हे कलम म्हणतं की लोकांनी अर्ज करायची वाटच पाहू नका. कार्यालयाची कामं, अधिकाऱ्यांचे अधिकार, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी, अशा सतरा बाबी आपणहून, एकशे वीस दिवसांत जाहीर करा आणि दर वर्षी ताज्या करा. इतकं सगळं उघड असावं की या कायद्याचा वापर करायची वेळच लोकांवर कमीत कमी यावी, अशी त्यामागची इच्छा. ती वाचून नाना बराच वेळ पंख्याकडे पाहत बसले होते म्हणतात.

सतरा बाबी नानांनी वेळेत जाहीर केल्या. कोकणातल्या एका नगरपरिषदेत त्यांचा साडू होता. त्याने तयार केलेली फाइल पेनड्राइव्हवरून आली, गावाचं नाव बदललं आणि काम झालं. त्यामुळे आमच्या नगरपरिषदेच्या कर्तव्यांत ‘समुद्रकिनाऱ्यावरील स्वच्छता राखणे व मासळी बाजाराचे नियमन करणे’ हेही आहे. आमचा तालुका अवर्षणग्रस्त. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. समुद्र पाहायचा तर रात्रीची एस.टी. धरावी लागते.

ही बाब प्रथम लक्षात आली ती गुरुजींच्या. गुरुजी म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक, आणि नगरपरिषदेची कागदपत्रं पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचणारे गावातले एकमेव गृहस्थ. सतरा बाबींतली इतरांनी वाचलेली बाब एकच, दहावी, कर्मचाऱ्यांच्या मासिक पगाराची. ती कार्यालयातल्या लोकांनी एकमेकांसाठी वाचली आणि स्थळं जमवणाऱ्यांनी मुलीच्या बापांसाठी. गुरुजींनी मात्र दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारलं, ‘आपल्या हद्दीतील समुद्रकिनाऱ्याची लांबी किती?’ नानांनी तिसाव्या दिवशी उत्तर दिलं : ‘सदर बाब भविष्यकालीन नियोजनाच्या अनुषंगाने समाविष्ट करण्यात आलेली असून तूर्त माहिती निरंक आहे.’ गुरुजींनी ते उत्तर लॅमिनेट करून ठेवलंय. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, असं ते कौतुकाने दाखवतात.

पुढे २०१२ मध्ये राज्याने नियम केला की अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत असावा. नाना त्या दिवशी तरुण दिसत होते. लाल पेन घेऊन ते प्रत्येक अर्जाचे शब्द मोजू लागले. पण गुरुजींनी जन्मभर सारांशलेखन शिकवलेलं. त्यांनी ‘गतवर्षीयरस्तेडांबरीकरणदेयकप्रती’ असा एक शब्द करून आणला. नाना म्हणाले, हे पाच शब्द आहेत. गुरुजी म्हणाले, सामासिक आहे, एकच. मग कूलरशेजारी तत्पुरुष समासावर जी चर्चा झाली ती ऐकायला करवसुलीची खिडकी बंद ठेवून माणसं आली होती. शेवटी नानांनी शेरा मारला, ‘व्याकरणाच्या अधीन राहून स्वीकारले.’

आणि २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय. पुणे महापालिकेत आधीपासून सोमवारी दुपारी नागरिकांना फायली पाहू देत. तीच पद्धत राज्याने जिल्ह्यांतल्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लावली. दर सोमवारी तीन ते पाच, या आणि अभिलेख बघा. अर्ज नको, फी नको. नानांना अशा निर्णयांचे अठरा आकडी सांकेतांक तोंडपाठ असतात, पण हा निर्णय त्यांनी दोनदा वाचला. “निर्णयाची तारीखसुद्धा सोमवारच आहे बघा. ठरवून केलंय,” एवढंच ते म्हणाले. नानांकडचा सोमवार असा जातो : तीन वाजता किल्ली शिपायाकडे असते. सव्वातीनला शिपाई बँकेत गेल्याचं कळतं. पावणेचारला तो येतो. किल्ली दुसऱ्या जुडग्यात असते. चारला कक्ष उघडतो, पण दिवा लागत नाही. साडेचारला ट्यूब बदलली जाते. मग नाना मनापासून विचारतात, “बोला, कुठली फाइल?” आणि फाइल दोन मिनिटांत काढून देतात. दोन मिनिटांत! गेल्या तीस वर्षांतला कुठला ठराव कुठल्या रुमालात, सूचक कोण, अनुमोदक कोण, कोण सभात्याग करून चहाला गेलं होतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. मला वाटतं, नगरपरिषदेचा खरा अभिलेख कक्ष नानांच्या कपाळामागे आहे आणि तो कुठल्याच वर्गात मोडत नसल्याने त्यांच्याबरोबर निवृत्त होणार आहे.

मग संकेतस्थळ झालं. जिल्ह्याच्या गावच्या एका कंत्राटदाराने ते बनवलं. मुखपृष्ठावर नगराध्यक्षांचा फोटो, मुख्याधिकाऱ्यांचा फोटो, वृक्षारोपणाचे सतरा फोटो आणि खालून सरकत जाणारी ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ ही ओळ. एका कोपऱ्यात ‘नवीन’ असं लुकलुकतं. त्यावर बोट ठेवलं की २०१४ ची निविदा उघडते. ‘अंतिम अद्ययावत’ या शब्दांपुढे रोज आजची तारीख दिसते. तेवढी एकच गोष्ट रोज अद्ययावत होते.

सगळे कागद आता इथे टाकायचे, असा आदेश आला तेव्हा नानांना ताप येईल अशी आमची अटकळ होती. उलट आठवड्याभरात त्यांचा चेहरा खुलला. टाकणं आणि सापडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वरून येणाऱ्या प्रत्येक परिपत्रकात फक्त पहिलीच मागितली आहे, हे त्यांनी हेरलं होतं. तेव्हापासून कुणी काही मागायला आलं की नाना खुर्चीतून उठतही नाहीत.

“टाकलंय, बघा.”

“कुठे नाना?”

“वेबसाइटवर.”

“वेबसाइटवर कुठे?”

“‘नागरिकांसाठी’मध्ये जा. तिथे ‘माहिती’. त्यात ‘इतर’. इतरमध्ये ‘इतर दोन’. त्यात स्कॅन शून्य-शून्य-सत्तेचाळीस.”

ही फाइल उघडायला गावातल्या नेटवर दुपार लागते. उघडल्यावर तीनशे बारा पानं. काही आडवी, काही तिरकी, एकदोन पानांवर कागद धरलेला नानांचा अंगठा. अंगठा शक्यतो रकमेवर येतो. मूळ टंकलेखन जुन्या ‘सुरेख’ फॉन्टात, त्यामुळे ज्या थोड्या फायली स्कॅन न करता थेट टाकल्या आहेत त्यांतही शोधून काही मिळत नाही. ‘पाणीपट्टी’ म्हणून शोधलं तर यंत्र म्हणतं, नाही. तुम्हाला जी पाणीपट्टी दिसते ती त्याच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा गोंधळ असतो. युनिकोड वापरा, असं सरकार सांगून थकलं. नानांनी युनिकोड वापरला तो एकदाच, वेबसाइटवर ‘स्वागत’ लिहिताना.

“पूर्वी कपाटाला कुलूप होतं, तरी लोक कुलपापाशी येऊन भांडायचे,” नाना मला एकदा म्हणाले. “आता कुलूपच काढलं. या, बघा, घेऊन जा. कुणी येत नाही.”

हे सांगताना त्यांच्या आवाजात जे होतं ते समाधान नव्हतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. संकेतस्थळाच्या तळाशी पाहुण्यांचा आकडा दिसतो. तो नाना दिवसातून चारदा बघतात. त्यातला बराचसा आकडा म्हणजे नाना स्वतःच. पाच वर्षांची सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं त्यांनी एकदा पावसाळ्यात, वीज असेल त्या वेळात, एकट्याने स्कॅन करून टाकली. संगणक चालकाचं मानधन थकल्यामुळे तो येत नव्हता. टाकून झाल्यावर नाना वाट पाहत राहिले. वर्तमानपत्राचा फोन नाही, विरोधकांची पत्रकार परिषद नाही. ज्या नगरसेवकाने ‘पारदर्शक कारभार’ म्हणून निवडणूक जिंकली होती त्याने विचारलं, “त्यात माझा वाढदिवसाचा फोटो टाकता येईल का?” महिन्याभराने गुरुजींचा फोन आला. ‘नाना, एकशे एकेचाळिसाव्या पानावर ठराव अर्धाच आहे.’ नाना फोनवर तडकले, कामं आहेत इथे, असं म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर शिपायाला सांगितलं, “उरलेलं अर्धं पान काढ. आणि दोन चहा सांग.” शिपायाला वाटलं, साहेब लोक आले. दुसरा चहा गुरुजी येईपर्यंत निवला.

अनुदानाच्या पैशाला मात्र सगळ्यांचेच कान टवकारतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अट घातली : ज्या शहरी संस्थेचे आदल्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याच्याही आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब लोकांना ऑनलाइन बघता येतील, तिलाच अनुदान. कायद्याच्या चौथ्या कलमाने जे पंधरा वर्षांत झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. एरवी संकेतस्थळाला ‘ते नानांचं खूळ’ म्हणणारे बांधकाम सभापती रात्री नऊ वाजता कूलरपाशी उभे होते. लेखापाल होते, नव्या मुख्याधिकारी मॅडम होत्या, त्यांना रुजू होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. सभापती म्हणाले, “नाना, काय वाट्टेल ते करा, पण आज टाका.”

“काय वाट्टेल ते?” नानांनी विचारलं.

“वाट्टेल ते!”

नानांनी दोन्ही वर्षांचे हिशेब टाकले, एकाखाली एक. आणि कुणी मागितली नव्हती तरी प्रत्येक हिशेबाला त्या वर्षीच्या रस्त्यांच्या कामांची यादी जोडली. पहिल्या वर्षाच्या यादीत बाराव्या क्रमांकाला ‘मारुती मंदिर ते पिंपळपार रस्ता काँक्रिटीकरण करणे’. दुसऱ्या वर्षाच्या यादीत सातव्या क्रमांकाला ‘पिंपळपार ते मारुती मंदिर रस्ता काँक्रिटीकरण करणे’. दोन्हींना कार्यारंभ आदेश, दोन्हींच्या मोजमाप पुस्तिका पूर्ण, दोन्हींची देयकं अदा. लोकल फंडवाल्यांनी एका वर्षाचे हिशेब तपासले तेव्हा दुसरं वर्ष समोर नव्हतं. नगरसेवकांनी दोन्ही ठरावांना हात वर केले तेव्हा विषय ऐनवेळचे होते आणि जेवण खाली तयार होतं. आता दोन वर्षं एकाच पडद्यावर आली होती. अर्थात फाइलचं नाव स्कॅन ०१८३, आणि दुसऱ्या वर्षाचं ते एक पान खाली डोकं वर पाय.

गुरुजींना सापडायला तीन आठवडे लागले. त्या पानासाठी त्यांनी नातवाचा मोबाइल उलटा धरला, तर अक्षरंही परत उलटी झाली. शेवटी भिंतीला पाय लावून नव्हे, पण प्रिंट काढून त्यांनी ते वाचलं आणि थेट कार्यालयात आले. मी त्या दिवशी बातमीच्या कामाने तिथेच होतो.

“नाना, हे पान उलटं कसं?”

नानांनी चष्मा वर केला, पान घेतलं, सरळ धरलं, पुन्हा उलटं धरलं.

“रस्ताच उलटा आहे, गुरुजी.”

बस. पुढे एक अक्षर नाही. गुरुजींनी पुन्हा विचारलं तेव्हा नाना म्हणाले की मी काय स्कॅन करतो ते मी वाचत नाही, वाचायचं काम लिपिकाचं नाही. मला मात्र त्या क्षणी या गृहस्थांची सगळी कारागिरी ध्यानात आली. सरकारला दाखवायला कागद टाकलेला आहे. सभापतींना सांगायला तो कुणाला वाचता येत नाही. आणि ज्याला खरोखरच वाचायचं आहे त्याच्यासाठी तो तिथेच आहे, जरा मान वाकडी करावी लागते एवढंच. तीन धन्यांची चाकरी आणि तिघांपैकी कुणालाच नाना आपले नाहीत असं म्हणता येणार नाही. याला धैर्य म्हणावं का, हे मी अजून ठरवलेलं नाही. नानांना विचारलं असतं तर त्यांनी ‘निरंक’ लिहून दिलं असतं.

बातमी जिल्हा आवृत्तीत आली, आतल्या पानावर, पण आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सभापती मॅडमच्या दालनात. नानांना बोलावणं. दार अर्धवट उघडं होतं आणि कूलरपाशी उभं राहिलं की दालनातलं सगळं ऐकू येतं. कूलर बंद असल्याचा हा एकच फायदा.

“ही यादी जोडायला कुणी सांगितली होती?” सभापती.

“साहेब, स्कॅनरात कागद एकदम जातात. जुना आहे. दुरुस्तीची टिपणी मी तीन वर्षांपूर्वी ठेवलीय. आपल्याकडेच आहे.”

“काढून टाका ती. आत्ताच्या आत्ता.”

“काढतो की. फक्त त्या फाइलची लिंक वर कळवलेली आहे. फाइल बदलली की लिंक बदलते. लिंक बदलली की तिकडे हिशेब दिसणार नाहीत. मग अनुदानाचा पुढचा हप्ता...” इथे नानांनी जो श्वास घेतला तो बाहेरपर्यंत आला. “आपण लेखी आदेश द्या, लगेच काढतो.”

लिंक खरंच तुटते की नाही हे खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. पासवर्ड नानांकडे, कंत्राटदाराचं बिल थकलेलं, त्यामुळे तो फोन उचलत नाही. लेखी आदेश द्यायचा तर तोही सतरा बाबींत कुठेतरी जाहीर करावा लागला असता. सभापतींनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नानांकडे पाहिलं. स्पर्धा परीक्षेतून आलेल्या, हुशार आहेत. नानांना कळलं तेवढं सगळं त्यांना त्या दोन सेकंदांत कळलं असावं.

“राहू द्या ती फाइल,” मॅडम म्हणाल्या. “पण नाना, ते पान सरळ करू नका.”